बाबांना वहिनीने सांगितलेलं

झरी गावात आमच्या संघटनेच्या सभेत माझं भाषण चालू असताना बाबा तीनदा उठून बाहेर गेले. परत आले की दारापाशीच टेकायचे. घरी येताना मी त्यांना सुनावलं, माझं बोलणं ऐकवत नसेल तर सभेला येत जाऊ नका.

मला अक्षरओळख झाली ती संघटनेच्या वाटून उरलेल्या पत्रकांवर. बाबा ती मोठ्याने वाचायचे आणि मी बोट फिरवायचे. आता पत्रकं मी लिहिते. छापण्याआधी बाबा कच्चा मजकूर तलासरीच्या हायवेवर बसची वाट पाहणाऱ्यांना वाचून दाखवतात, आणि जिथे ऐकणाऱ्याची नजर गाड्यांकडे वळते तिथे काट मारतात.

झरीनंतर पंधरा दिवसांनी वहिनीबरोबर तांदूळ निवडत बसले होते, तेव्हा तिच्याकडून कळलं की बाबांची प्रोस्टेटची गाठ वाढली आहे. लघवी अडते, पुन्हा पुन्हा जावं लागतं. सभेच्या दिवशी ते सकाळपासून पाणी पीत नाहीत. तिला हे चार महिन्यांपासून माहीत होतं.

मला आधी काळजी वाटली असं लिहिलं तर ते खोटं होईल. आधी मी जळले. मुलीला सांगायला लाजले असतील, अशी मी स्वतःची समजूत घातली. पण वहिनीही बाईच. शिवाय बाबा हल्ली तिला ‘बाय’ म्हणतात. लहानपणी ती हाक माझी होती.

मी विचारलं, मला का नाही सांगितलं त्यांनी?

“सांगितलं असतं ताई,” ती तांदळातून नजर न काढता म्हणाली, “पण तुम्ही लगेच लिहायला बसता.”

डहाणूच्या डॉक्टरांनी आधी गोळ्या दिल्या. गोळ्यांनी भागेना. हृदयासाठी बाबांना रक्त पातळ ठेवायचं औषध चालू आहे, म्हणून नेहमीचं ऑपरेशन जोखमीचं होतं. डॉक्टरांनी आम्हाला मुंबईला पाठवलं. तिथले डॉक्टर म्हणाले की तपासण्या ठीक आल्या तर मनगटातल्या शिरेतून बारीक नळी गाठीपर्यंत नेता येईल, तिथे बारीक कण सोडून गाठीला रक्त पुरवणाऱ्या शिरा बंद करता येतील. गाठ हळूहळू आक्रसते. पोट कापायचं नाही, भूल फक्त मनगटापुरती.

तपासण्या ठीक आल्या, पण बाबा घाबरलेले होते. मी रात्र घालवून त्यांच्यासाठी हा उपचार समजावणारं एक पान लिहिलं, अगदी सोपं. ते त्यांनी अर्ध्यापर्यंत वाचलं, घडी घालून खिशात ठेवलं आणि चांगलं आहे म्हणाले. माझ्या लिखाणावर काट न मारता त्यांनी कधी चांगलं म्हटलेलं नाही.

मग दवाखान्याच्या बाकावर वहिनी त्यांच्याजवळ सरकली.

“बाबा, बांधाच्या तोंडाशी मूठभर चिखल लावला की खालच्या भाताच्या खाचरात पाणी जात नाही ना? मग तिथलं माजलेलं गवत आपोआप बसतं. तसंच आहे. खाचर कोणी खणत नाही.”

बाबा हसले. नर्सने विचारलं, आत सोबत कोण येणार? त्यांनी आम्हा दोघींकडे पाहिलं.

“बायला येऊ दे,” ते म्हणाले. मी उठले होते. वहिनी आत गेली.

दुसऱ्या दिवशी घरी आलो. पहिले काही दिवस जळजळ होती आणि बाबा आधीपेक्षा जास्त वेळा उठत होते. डॉक्टरांनी तसं होईल हे सांगून ठेवलं होतं. तरी एका सकाळी त्यांना ओटीवरून घाईने उतरताना पाहून मला वाटलं, वहिनीचं ते खाचर खोटं पडावं. मी अन्यायावर लिहिते, आणि मला हे वाटलं.

काही आठवड्यांनी त्रास उतरला. मी पत्रक लिहायला घेतलं. हा उपचार जिल्ह्यातच मिळाला पाहिजे, आमच्या सायवन गावच्या म्हाताऱ्याने त्यासाठी मुंबई का गाठायची? मधे बांध, चिखल आणि खाचर घातलं. त्याहून चांगलं मला सुचलं नाही.

तलासरीला बाबांनी ते बसथांब्यावर वाचलं. खाचराच्या ओळीला एकाचीही नजर गाड्यांकडे वळली नाही. वाचून झाल्यावर ते माझ्याकडे आले.

“हे तुझं नाही.”

“नाही.”

“तिला विचारलंस?”

मी विचारलं नव्हतं. संध्याकाळी अंगणात विचारलं. वहिनी म्हणाली, आधी सगळं वाचून दाखवा. मी वाचलं. शेवटी ती म्हणाली की खाचर राहू द्या, पण सुरुवातीचे दोन परिच्छेद कशाला हवेत? बाबांनी खिशातून पेन काढून माझ्यापुढे धरलं. मी काट मारली. त्या दोन परिच्छेदांवर मी तीन दिवस घालवले होते.

एवढा वेळ बाबा पायरीवर बसून होते, हातात पाण्याचा तांब्या. एकदाही उठले नाहीत. माझं त्याकडे लक्ष होतं. वहिनीचंही होतं, आणि ते मला आवडलं नाही.