भीतीची चेकशीट

दुसऱ्याच्या कामातल्या चुका काढायचा मला पगार मिळतो. शेंद्र्याच्या एका कारखान्यात चौदा वर्षं मी क्वालिटी इन्स्पेक्टर आहे. गाड्यांचे सुटे भाग माझ्या टेबलावर येतात, मी गेज लावते आणि केसभर फरक असला तरी माल परत पाठवते. ऑपरेटर लोक माझ्या माघारी मला काय म्हणतात ते मला ठाऊक आहे, आणि त्यात फारसं खोटं नाही.

अशा बाईला कंपनीच्या बसची भीती वाटायला लागली, हे मला स्वतःलाच पटेना. एका सकाळी सिडकोतून बस सुटली आणि पाचच मिनिटांत छाती धडधडायला लागली. हातांना मुंग्या आल्या, श्वास अर्ध्यावरच अडला. आता आपण मरणार, एवढंच डोक्यात होतं. मेले नाही. पण दुसऱ्या दिवशी तेच झालं, तिसऱ्या दिवशी मी बसमध्ये चढलेच नाही. ईसीजी काढला, पुन्हा दुसरीकडे काढला. हृदय ठणठणीत होतं. डॉक्टर म्हणाले, मानसोपचारतज्ज्ञांना दाखवा. मी फाइल उचलली आणि त्यांचे आभारही न मानता बाहेर आले.

मग चार महिने नवऱ्यानं मला मोटरसायकलवर कामाला सोडलं. त्यांची कंपनी वाळूजला, म्हणजे शहराच्या पार दुसऱ्या टोकाला. मला शेंद्र्याला उतरवून ते उलटे फिरायचे आणि अख्खं शहर ओलांडून आपल्या गेटवर पोचायचे. रोज उशीर. शेवटी त्यांना साहेबांनी बोलावून सांगितलं की दिवाळीपर्यंतच चालवून घेऊ. म्हणजे दिवाळीपर्यंत मी बसमध्ये बसायला शिकायचं, नाहीतर दोघांपैकी एकाची नोकरी जाणार होती. कोणाची जाणार, हे घरात कोणी बोललं नाही. मला ते कळत होतं आणि संताप यायचा.

"शनिवारी अकराची अपॉइंटमेंट घेतलीये," एक दिवस हे म्हणाले.

"मला वेड लागलंय का?"

"ते तिथं जाऊन विचार. भांडायचं असलं तर बी तिथंच भांड. मी लई ऐकलं."

त्या पहिल्या मानसोपचारतज्ज्ञांनी दहा मिनिटांत निकाल लावला. नोकरी सोडा, घरात लक्ष घाला, आपोआप बरं वाटेल. मी त्यांना माझ्या शिफ्टमधल्या आवाजात दोन गोष्टी ऐकवल्या आणि उठले. दुसऱ्या डॉक्टरीणबाई गारखेड्यात होत्या. त्यांनी पूर्ण ऐकून घेतलं, गोळ्या लिहून दिल्या आणि त्याच दवाखान्यातल्या समुपदेशक मॅडमकडे पाठवलं. त्या माझ्यापेक्षा दहा वर्षांनी तरी लहान. मी मनात म्हटलं, ही पोर मला काय शिकवणार?

त्यांनी मला एक कागद दिला. रोज सकाळी बसच्या थांब्यावर जायचं, बस येऊन निघून जाईपर्यंत उभं राहायचं, चढायचं नाही. त्या वेळी भीती किती होती, शून्य ते दहा, तो आकडा तिथल्या तिथं लिहायचा. आकडा उतरला की पुढची पायरी.

मी एकही दिवस गेले नाही. बसच्या खिडकीतून माझ्याच लाइनवरची माणसं बघणार आणि मी खुळ्यासारखी उभी, हे मला जमणारं नव्हतं. शुक्रवारी संध्याकाळी मी तो कागद घेऊन बसले आणि एका बैठकीत आठवडा भरून काढला.

ही कला आमच्या कारखान्यांत सगळ्यांना येते. ऑडिट आलं की महिनाभराच्या राहिलेल्या चेकशीट एका दुपारी भरल्या जातात. मी त्या पकडते, म्हणून त्या कशा भराव्यात तेही मलाच सगळ्यांत चांगलं ठाऊक. एका पेननं लिहायचं नाही, दोन घ्यायची. आकडे सरळ उतरते ठेवायचे नाहीत, मध्ये एक चढ द्यायचा. आठ, सात, आठ, पाच, चार, तीन. कागद पर्समध्ये जरा चुरगळला, कोपऱ्यावर चहाचा थेंब पाडला. काम इतकं सफाईदार झालं होतं की मला स्वतःचं कौतुक वाटलं.

मॅडमनी कागद पाहिला आणि त्यांचा चेहरा खुलला. "फार छान. मग सोमवारी बसमध्ये बसा. चिकलठाण्यापर्यंत."

सोमवारी मी बसले. मुकुंदवाडीच्या पुढे मला काही दिसेनासं झालं. विमानतळाजवळ मी उठून ओरडले, "थांबवा!" ड्रायव्हरनं करकचून ब्रेक मारला. ज्यांचा माल मी परत पाठवते ती सगळी माणसं माझ्याकडे बघत होती. मी उतरले आणि रस्त्याच्या कडेला खाली बसून रडले.

त्याच दिवशी मॅडमसमोर जाऊन उभी राहिले. म्हटलं, तुमच्या उपचारांना काही अर्थ नाही, तुम्ही मला चारचौघांत तमाशा करायला लावलात.  त्यांच्या समोर माझा तो कागद होता. बोलता बोलता माझी नजर त्यावर गेली. चुकीच्या रीडिंगवर मशीन लावून वर मशीनलाच शिव्या देणाऱ्या ऑपरेटरला मी काय बोलते ते मला आठवलं. चोर सोडून संन्याशाला फाशी द्यायला निघाले होते मी.

"हे खोटं आहे," मी म्हटलं. "सगळं. मी थांब्यावर गेलेच नाही."

"चहाचा डाग पण?"

"तो पण."

त्या हसल्या. "मला तो डाग फार आवडला होता," म्हणाल्या. मग नवा कागद काढला. "आता दहा आला तर दहाच लिहा. कमी आकड्याला इथं बक्षीस नाही."

मग मी थांब्यावर गेले. नऊ, नऊ, दहा, नऊ. असला भिकार चार्ट मी कधी कुणाचा पास केला नसता. दुसऱ्या आठवड्यात आठ आले. मग बसमध्ये चढून सुटायच्या आत उतरायचं. मग मुकुंदवाडीपर्यंत. मग विमानतळापर्यंत, तिथं महिना गेला. गोळ्या वेळेवर घेतल्या. मॅडमशी भांडणंही झाली, पण कागदावर खोटं लिहिलं नाही.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी शेंद्र्यापर्यंत जायचं ठरलं. हे हेल्मेट घालून थांब्यावर उभे राहिले, लागलंच तर मागं येतो म्हणून.

"तुम्ही जा," मी म्हटलं.

"बस सुटू दे की."

"तुम्ही मागं असलात तर मी उतरीन. जा, वाळूजला वेळेवर पोचा."

त्यांनी माझ्याकडे एकदा बघितलं, किक मारली आणि गेले. पाठ दिसेनाशी होईपर्यंत मी बघत होते. इतकं प्रेम मला लग्नाच्या दिवशीसुद्धा वाटलं नव्हतं.

विमानतळ आलं तेव्हा श्वास अडला होता, हात बधिर होते. ड्रायव्हरनं आपणहून गाडीचा वेग कमी केला आणि आरशात माझ्याकडे पाहिलं.

"उतरायचं का, ताई?"



"नाय," मी म्हटलं. "चालू द्या."

त्यानं गिअर बदलला. मी कागद काढला आणि हलत्या गाडीत, वेड्यावाकड्या अक्षरात, नऊ लिहिलं. नऊच होते. साडेसहाला मी शेंद्र्याच्या गेटवर कार्ड पंच केलं.