लेपाचा शेवटचा हात

वसमतला आमच्या गॅरेजच्या एपॉक्सी फरशीवर पारदर्शक लेपाचा शेवटचा हात द्यायला कुरुंद्याचा एक माणूस आला होता. रोलर फिरवत तो दाराकडे मागं मागं सरकायचा, मधेच थांबून कंबर धरायचा. उग्र वासानं माझं डोकं चढलं.

“तोंडाला काही बांधा की,” मी म्हणालो.

“आता बांधून काय करू? मला कशाचाच वास येत न्हाई. गावात हळद शिजून राहिली तरी बायकोला इचारावं लागतं.”

काम संपलं, तरी ओल्या फरशीवर कुणाचा पाय पडू नये म्हणून तो दारातच बसून राहिला. मी घरातून पिठलं-भाकरी आणून दिली. तो सावकाश जेवला.

“कसं झालंय?” मी सवयीनं विचारलं.

त्यानं जरा विचार केला.

“गरम हाय,” तो म्हणाला.