कमानीवरची घंटा

दस्तगीर मिस्त्रींनी देवळाच्या कमानीतल्या भेगेत थापी घातली. ती मुठीपर्यंत आत गेली. शिडीवरून ते माझ्याकडे बघत राहिले.

“बाई, ही कधीपासनं हाय?”

“पावसाळ्यात दिसली. तवा बोट जायचं.”

“आता थापी जाती. चुना मारतो की, न्हाय म्हणत न्हाय. भेग दिसायची बंद हुईल. भेग जायाची न्हाय.”

मी त्या देवळाची राखण करत होते. आम्ही ख्रिस्ती माणसं चर्चला देऊळच म्हणतो. झाडलोट करायची, बाकं पुसायची, दिव्यांच्या काचा घासायच्या आणि घंटा वाजवायची. माझे मालक वारल्यावर त्यांचं काम मंडळीनं, म्हणजे देवळाच्या सभासदांनी, मला दिलं. कामाबरोबर देवळामागची खोली. काम सुटलं की खोलीही सुटणार, हे ठरलेलं.

आमचं गाव कोल्हापूरपासून एस.टी.नं तासाभराचं. पहिले मिशनरी साहेब आणि मडम बैलगाडीतून इथे आले, तेव्हा त्यांना गावात कुणी जागा दिली नाही. ते ओढ्याकाठी चिंचेखाली तंबू ठोकून राहिले. पहिली चार घरं ख्रिस्ती झाली ती तिथेच. आज मंडळीत जो तो आपलं घर त्या चारांत धरतो. पुढे साहेबांनी देऊळ बांधलं. ओढ्यातल्या काळ्या दगडाचं, ठेंगणं, कौलारू. दगड घडवले दस्तगीर मिस्त्रींच्या आजोबांनी. घंटा नंतर आली, दुसऱ्या साहेबांच्या वेळी, परदेशातून बोटीनं. बरीच वर्षं ती चिंचेच्या फांदीला टांगलेली होती. मग त्या साहेबांना मनोरा हवासा वाटला. तो त्यांनी दारावरच्या कमानीवरच चढवला. त्याला वेगळा पाया नाही. एवढा मनोरा आणि एवढी घंटा, सगळं एका दाराच्या डोक्यावर. साहेब गेले. मग आपले पाळक आले, म्हणजे आमचे धर्मगुरू. तेही बदलून बदलून गेले. घंटा झुलत राहिली.

घंटा वाजवायच्या दोन रीती. एक झुलवायची. जाड दोर ओढला की अख्खी घंटा हेलकावे खाते आणि मोकळा आवाज येतो. ही उपासनेची, लग्नाची, सणाची. दुसरी रीत ठोक्यांची. त्यात घंटा जागची हलवायची नाही. आतला लोळा बारीक दोरीनं ओढून आपटायचा. हे मरणाचे ठोके. ते ऐकले की गावातलं माणूस, कुठल्याही धर्माचं असो, हातातलं काम टाकून येतं.

मिस्त्री खाली उतरले.

“घंटा झुलती तसा मनोरा झुलतो. ह्यो मधला दगड बघा, चावीचा. ह्यानं दोन्ही बाजू धरल्यात. ह्यो सुटला की समदं खाली.”

“कवा सुटंल?”

“ते मला इचारू नका. उद्या सुटंल, न्हायतर माझ्या नातवाच्या वक्ताला. पर खाली माणसं असताना झुलवू नका.”

देवळाची ज्युबिली तोंडावर आली होती. जुन्या पाळकांच्या घरची माणसं बाहेरगावाहून यायची होती. मिरवणूक त्याच दारातून आत जायची, पुढे संडेस्कूलची मुलं. सगळे आत जाईपर्यंत मी घंटा झुलवायची, असा कार्यक्रम छापून झाला होता.

पाळकसाहेब नवीन होते, नगरकडचे. त्यांनी भेग पाहिली आणि पंचांना व्हरांड्यात बोलावलं. मंडळीचा कारभार पंच बघतात. त्यांत मोठे शांतवन मास्तर. ज्युबिलीत वाचायला मंडळीचा इतिहास त्यांनीच लिहिला होता. मी चहा दिला आणि खांबाशी उभी राहिले.

“मिस्त्री म्हणतात, घंटा उतरवावी,” पाळकसाहेब म्हणाले.

“मिस्त्रीला काम पायजे, दुसरं काय?” मास्तर म्हणाले.

“भेग मी स्वतः पाहिली.”

“साहेब, भेग माझ्या लग्नात बी हुती. लग्न मोडलं व्हय माझं?”

सगळे हसले.

“निदान मुलांना मागच्या दारानं आत घेऊ.”

“ज्युबिली, आन मागच्या दारानं? चोर हाय व्हय आपुन?” मग मास्तर माझ्याकडे वळले. “काय गं मार्था, तू कवापासनं इंजिनेर झालीस? जमत नसंल तर सांग. खोली मागणारी दुसरी हायत.”

मी कपबशा गोळा केल्या. पाळकसाहेबांनी पुढे वाद घातला नाही. मला त्यांचा राग आला नाही. बदलीवर आलेल्या माणसानं किती भांडायचं?

रविवारी, सगळे आत बसल्यावर, मी नेहमीसारखी घंटा झुलवली. एक तळवा कमानीच्या दगडाला लावून ठेवला. दगड धापा टाकणाऱ्या बैलाच्या बरगडीसारखा हलत होता. माझ्या डोक्यावर चुन्याची भुकटी पडली. ती झटकली आणि बाकं पुसायला गेले. त्या आठवड्यात मला फार थकवा होता. झोप लागे, पण उठल्यावर झोपल्यासारखं वाटत नसे.

पंचांच्या सांगण्यावरून मिस्त्री भेगेवर चुन्याचा शेवटचा हात मारत होते, तेव्हा मी विचारलं, “ठोकं दिलं तर?”

“घंटा जाग्याला ऱ्हाती. कमानीला कळायचं बी न्हाय.” मग ते थांबले. “पर बाई, ठोकं म्हंजे...”

“व्हय,” मी म्हणाले.

ज्युबिलीच्या दिवशी गाणं म्हणत मिरवणूक दाराशी आली. मुलांच्या हातात कागदी पताका. मी दाराच्या आतल्या अंगाला उभी होते. दोन्ही दोर समोर. मास्तरांनी रुमाल हलवला. मी बारीक दोरी धरली. ठोके भरभर दिले तर सणासारखे वाटतील, असं मनात होतं. तसं काही झालं नाही. कितीही भरभर दिले तरी ते मरणाचेच वाटत होते.

गाणं थांबलं.

“मार्था! कोण मेलं गं?” मास्तर ओरडले. “झुलव की! झुलव!”

मान वर करायचा धीर नव्हता. हात चालू ठेवले. मुलं कमानीखालून आत गेली. मग बायका, मग पाहुणे, शेवटी मास्तर.

तोवर गाव यायला लागलं होतं. साखर कारखान्यातून पाळी संपवून आलेली माणसं सायकली टाकून आवारात शिरली. म्हातारे पाटील हार घेऊन आले. मुसलमान गल्लीतली पोरं कुदळी-खोरी घेऊन आली. आमच्याकडे कबर खणायला तीच मदत करतात. एक म्हातारी आली आणि कोण गेलं हे न विचारताच मास्तरांच्या बायकोच्या गळ्यात पडून रडायला लागली.

“अगं सोड! आमचं हे हायत अजून!” मास्तरीणबाई ओरडल्या.

पाळकसाहेब आणि मास्तर बाहेर पायरीवर आले. पाळकसाहेब म्हणाले, “कुणी गेलेलं नाही. कमान धोक्याची आहे म्हणून घंटा झुलवली नाही. आलाच आहात, तर आत या.”

माणसांनी मान वर करून कमान पाहिली. पाटलांनी भेगेवरच्या ताज्या चुन्याला काठी टोचली. चुना खाली आला.

“ह्येच्याखालनं पोरं नेली व्हय मास्तर?” ते म्हणाले.

गाव मागच्या दारानं आत आलं आणि जमिनीवर बसलं. पहिले साहेब, मडम, चिंच, चार घरं, सगळा इतिहास मास्तरांनी वाचला. देवळात एवढी माणसं मी कधी पाहिली नव्हती. मयताला आल्यासारखे चेहरे करून सगळ्यांनी तो शेवटपर्यंत ऐकला.

दुसऱ्या दिवशी पंच बसले. घंटा माझ्याकडून काढून घेतली आणि मास्तरांच्या पुतण्याला दिली. खोलीचाही विषय निघाला. या वेळी पाळकसाहेब बोलले, “झाडलोट त्याच करतात. खोली त्यांच्याकडे राहील.” तेवढं राहिलं.

पण आता कुणाची आई पोराला कमानीखालून जाऊ देईना. शेवटी पंचांनीच मिस्त्रींना निरोप धाडला. त्यांनी कप्पी लावून घंटा उतरवली आणि ओढ्याकाठी, त्याच चिंचेखाली, सागवानी चौकटीत टांगली. बोटीतून आली तेव्हा जिथे होती, तिथेच.

याला बरीच वर्षं झाली. आता मी काम करत नाही. कमान अजून उभी आहे. भेगही आहे. मास्तर शेवटपर्यंत मला दिसले की विचारायचे, “काय मार्था, पडली व्हय?” घंटा उतरवली म्हणून उभी राहिली, की तशीच उभी राहिली असती, ते मिस्त्रींनाही सांगता आलं नाही. कमान पडली असती तर मी शहाणी ठरले असते. पडली नाही, म्हणून ज्युबिलीला मरणाचे ठोके देणारी बाई ठरले. राखणदारानं दोन्हींतलं हेच मागावं.