बोर्डाच्या पोटातला क्रमांक

नारायण पेठेतील त्या दुपारची आठवण अजूनही मनात ताजी आहे, आणि तिच्यासोबत एका सज्जनाविषयीची कृतज्ञताही.

पुण्यात संगणकाच्या कंपन्या भराभर उभ्या राहत होत्या, तो काळ. हडपसरच्या एका कंपनीच्या भांडारातून नवे मदरबोर्ड नाहीसे झाले. मदरबोर्ड म्हणजे संगणकातील मुख्य पट्टी. बाकी सारे भाग तिलाच जोडलेले असतात. तपास माझ्याकडे आला. भांडाराचे कुलूप शाबूत, खिडक्याही शाबूत. माल फाटकातूनच गेला असणार, असा तर्क करून मी फाटकावरच्या पहारेकऱ्याला अटक केली. जवळच्या खेड्यातला, पन्नाशीचा, मितभाषी माणूस. चौकशीत तो एकच वाक्य धरून बसला.

"साहेब, माझ्या फाटकातनं भंगाराबिगर काय बी गेलं न्हाई. पास बघा, सही हाय माझी."

पास मी पाहिले होते. बंद पडलेले जुने बोर्ड भंगारात दिल्याची त्यांत क्रमांकांसह नोंद होती. त्याचे उत्तर बदलत नव्हते, म्हणून ते पढवलेले आहे असे मी समजलो. त्याच्या कोठडीची मुदत दुसऱ्या दिवशी संपत होती. मी ती वाढवून मागणार होतो.

त्याच सकाळी कसबा पेठेतील एका खबऱ्याने सांगितले, "नारायण पेठेत जुने सुटे भाग विकणारे एक काका आहेत. त्यांच्याकडे नवेकोरे बोर्ड भंगाराच्या भावात आलेत."

दोन पंच घेऊन मी आणि माझे हवालदार दुकानात गेलो. काकांनी बोर्ड स्वतःच काढून टेबलावर मांडले. प्रत्येकावर क्रमांकाची कागदी चिकटी डकवलेली होती. चोरीच्या यादीत त्यांतला एकही क्रमांक नव्हता. सारे भंगाराच्या पासावरचे होते. खरेदीची पावतीही होती. हवालदार 'आक्षेपार्ह काही मिळून आले नाही' असे लिहू लागले.

"कुणाला धरलंय का यात?" काकांनी विचारले.

"पहारेकऱ्याला. उद्या पुन्हा कोर्टात उभा करायचाय."

काकांनी चष्मा काढून सावकाश पुसला. "मग एवढ्यात पंचनामा संपवू नका. आपण चिकट्या वाचल्यात, बोर्ड वाचले नाहीत."

हवालदार हसले. "आता बोर्डाचाही जबाब घ्यायचा का, काका?"

"घ्या की. माणसांपेक्षा लवकर देतो." मग ते माझ्याकडे वळले. "एक आधी सांगा. हे दाखवलं तर मी आरोपी, का साक्षीदार?"

"ते तपासात ठरेल. आज वचन देता येणार नाही."

"खरं बोललात, हेही पुष्कळ झालं," ते म्हणाले, आणि त्यांनी बटण दाबले.

एका बोर्डाला त्यांनी वीज, मेमरी, पडदा आणि सीडी ड्राइव्ह जोडला होता, हार्डडिस्क नव्हती. सीडीवर लिनक्स ही संगणक चालवणारी संपूर्ण प्रणाली होती, ती सीडीवरूनच थेट चालू झाली. कोणताही जुना बोर्ड अशा रीतीने तासभर चालवून पाहिल्याखेरीज विकायचा नाही, हा त्यांचा नेम. कारखान्यात बोर्डाच्या चिपमध्येच लिहिलेला क्रमांकही या चाचणीत वाचता येई. काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरे उमटली. पंच एकेक अंक मोठ्याने वाचू लागले. मी चोरीच्या यादीवरून बोट फिरवीत होतो. बोट एका ओळीवर थांबले. दुसरा बोर्ड लावला, पुन्हा थांबले.

"भंगारातला एकही बोर्ड बंद निघेना, तेव्हाच शंका आली," काका म्हणाले. "एकही विकला नाही. पण चौकीत यायचं धैर्य झालं नाही हो."

चिकट्या बदलू शकणारा मनुष्य भांडारातच असणार. भांडारपालासमोर दोन्ही क्रमांक ठेवले. त्याने पाणी मागितले, अर्धा पेला प्याला, आणि सगळे सांगितले. जुन्या बोर्डांच्या चिकट्या तो नव्यांवर लावी. नवे बोर्ड भंगार म्हणून फाटकाबाहेर पडत. जुने तो मोडून कचऱ्यात टाकी. भंगार उचलणारा त्याला प्रत्येक बोर्डामागे गुपचूप पैसे देई; पुढे ते कोणत्या व्यापाऱ्याकडे गेले, याची त्याला पर्वा नव्हती. काका साक्षीदार झाले.

लहानपणी पाठशाळेत आमचे गुरुजी वाक्य शेवटपर्यंत ऐकल्याशिवाय अर्थ सांगू देत नसत. पहारेकऱ्याच्या प्रत्येक उत्तरात 'भंगार' होते. तपासाची दिशा तो पहिल्या दिवसापासून सांगत होता, आणि मी तेवढेच वगळून ऐकत होतो. ती चूक माझ्या हातून पुढे गेली नाही, याचे श्रेय परमेश्वराने नारायण पेठेतील त्या गृहस्थांना दिले. स्वतःच्या मानेवर सुरी येण्याची शक्यता असताना त्यांनी ते बटण दाबले. आजही सकाळच्या पूजेनंतर हात जोडताना मला त्यांचे स्मरण होते.

दुसऱ्या दिवशी मुदतवाढीऐवजी मी पहारेकऱ्याच्या सुटकेचा अहवाल न्यायालयात दिला. बाहेर येताच त्याची क्षमा मागितली.

"माफी ऱ्हाऊ द्या, साहेब. घरी येऊन येवढं सांगा. मी सांगून कुणाला पटायचं न्हाई."

मी गणवेशातच त्याच्या गावी गेलो. अंगणात त्याची म्हातारी आई, बायको आणि शेजारीपाजारी जमले होते. सर्वांसमक्ष मी मोठ्याने सांगितले, "यांनी चोरी केलेली नाही. चूक माझी होती."

त्याच्या आईने मला बसायला घोंगडी टाकली.