चाचांचा सत्कार आणि एक राउंड

कॉलेजच्या दप्तरी चाचा 'मैदान सेवक' होते. चुन्याच्या रेघा मारायच्या, खो-खोचे खांब रोवायचे, सामानाच्या खोलीची किल्ली सांभाळायची. कोच म्हणून एक सर होते. ते निंबाखाली खुर्ची टाकून पेपर वाचायचे आणि डाव संपला की "छान, छान" म्हणायचे. आम्हा मुलींना खो-खो शिकवला तो चाचांनी, तोही शिव्या घालत.

"काऊन वं, वरातीत चालून राह्यली का? पळ!"

मी डोणगावहून एस.टी.नं यायचे आणि या शिव्या खायचे. तीन वर्षं.

यंदा एप्रिलमध्ये चाचा रिटायर झाले. आम्ही जुन्या मुलींनी कॉलेजच्या मागे लागून सत्कार ठेवायला लावला. नऊजणी जमलो. एक हवालदार, एक सरपंच, बाकीच्या माझ्यासारख्या, पळणं विसरलेल्या. पोचलो तेव्हा सत्कारमूर्ती मांडववाल्यावर ओरडत होते, "माह्या कोर्टात खड्डा खंदला बे तू!"

प्राचार्यांनी कॉलेजच्या प्रगतीवर लांबलचक भाषण केलं आणि शेवटी "आपले प्रामाणिक शिपाई" एवढं चाचांसाठी ठेवलं. पेपरवाल्या सरांनी "आमच्या मेहनतीचं फळ" सांगितलं. मग त्या भाजून काढणाऱ्या उन्हात प्रमुख पाहुण्यांनी, म्हणजे संस्थेच्या अध्यक्षांनी, चाचांच्या खांद्यावर लोकरीची शाल घातली.

"साहेब, मारता काय मले?" चाचा म्हणाले. मांडव हसला.

मग माईक हातात आला. "मले भाषण येत नाही. मले शिट्टी येते." त्यांनी खिशातून शिट्टी काढून फुंकली. आम्ही नऊच्या नऊ जणी ताडकन उभ्या!

"उभ्या काय राह्यल्या? एक राउंड!"

चपला काढल्या, पदर खोचले आणि निघालो. सरपंचबाई दोनदा थांबल्या. चाचा सरांकडे वळले, "सर, तुम्ही बी चला. एकदा तरी." सर उठले, निंबापर्यंत पळाले आणि सावलीतच थांबले.

तिसऱ्या कोपऱ्यावर माझ्या टाचेत सराट्याचा काटा घुसला. लंगडत आले. चाचांनी पाहुण्यांना सरकायला लावलं, मला त्यांच्या सोफ्यावर बसवलं आणि खिशातून टाचणपिन काढली. पहिल्यांदा पिन भलतीकडेच टोचली.

"चाचा, दुखते ना!"

"दुखू दे. खाली पाहून पळनं काही आलं नाही तुले."

काटा निघाला. त्यांनी तो तळहातावर घेऊन पाहुण्यांच्या नाकासमोर धरला. "पाहा साहेब. मैदान साफ करायले माणूस लागते. माही जागा भरा."

पाहुणे "हो, हो" म्हणाले आणि जेवायला गेले.

जागा अजून भरलेली नाही. चाचा रोज सकाळी येतात, सराटे वेचतात, नव्या पोरींना पळवतात. आता नोकरी जायची भीती नाही, म्हणून शिव्या प्राचार्यांनाही देतात.