चहाच्या झाडावरचं औषध

मी मुळात भित्रा माणूस. आयर्लंडमध्ये ॲथलोनला आमच्या घराच्या काचेच्या खोलीत चहाचं एक झाड होतं, शोभेपुरतं. त्याच्या पानांमागे तपकिरी खवल्यांसारखी कीड चिकटली, तेव्हाही मी दुकानात दोन बाटल्या हातात धरून कितीतरी वेळ उभा होतो. एक साबणाची, कीड भिजली तरच मरणार. दुसरीतलं औषध झाडात भिनणारं, रस शोषला की कीड खलास. दुकानदाराने विचारलं, "खायचं झाड आहे का?" मी म्हटलं, "छे, शोभेचं." साबणाचं पाणी घरी आधीच मारून पाहिलं होतं, कीड हलली नव्हती, म्हणून दुसरी बाटली घेतली.

पुढच्या आठवड्यात आई पुण्याहून आली. चहा उकळताना कुंडीतला गवती चहा खुडून टाकायचा, ही तिची जन्माची सवय. इथे तर साक्षात चहाचंच झाड हाताशी.

"आज तुझी पानं घातली रे चहात," शनिवारी सकाळी ती म्हणाली. "वास काही खास नाही."

तिचा कप रिकामा होता. माझ्या मुलीच्या बशीत थोडासा उरला होता.

विषबाधेच्या हेल्पलाइनला फोन लावला, तर बाटलीवरची अक्षरं वाचता येईनात. पलीकडची बाई शांतपणे विचारत होती, किती पानं, केव्हा, उलटी, चक्कर? मी आईवर ओरडलो, "किती घातलीस? नीट आठव." "तिने दोन घोटच घेतलेत रे," नातीकडे बघत आई एवढंच म्हणत राहिली. स्वतःचं नाव काढेना.

"आयम ग्रँड, बाबा, मी ठीक आहे," मुलगी वैतागून म्हणाली.

एवढ्याने बहुधा काही होणार नाही, पण लक्ष ठेवा, असं त्या बाईने सांगितलं. दिवसभर मी दोघींच्या तोंडाकडे बघत बसलो. आई जरा गप्प झाली की मी तिला हाक मारायचो. दोघींना काहीही झालं नाही. झाड मी काढून टाकलं आणि मनात म्हटलं, सुटलो.

परवा मी बाजारातून कोथिंबीर आणली. जुडी हातात घेऊन आई थबकली. "ही चालेल ना रे?"

मी हो म्हटलं. तरी नातीच्या पोह्यांवर घालण्याआधी तिने थोडी स्वतः खाल्ली आणि घड्याळाकडे बघत बसून राहिली.