काल काय जेवला?

मगदूम मॅडम भेटल्या की "बरं हाय का?" असं कधी विचारायच्या नाहीत. "आप्पा, काल काय जेवला?" हा त्यांचा पहिला प्रश्न. नुसतं "जेवलो" म्हणून भागायचं नाही. भाकरी कशाची, कालवण कशाचं, सगळं सांगावं लागायचं. मला वाटायचं, एकटी बाई, दुसऱ्याच्या जेवणाची चौकशी करण्यातच तिचं पोट भरत असेल.

राजारामपुरीत माझी पिठाची गिरणी आहे. शाळेशी माझं जमलं नाही, पण गिरणीच्या झिजलेल्या दगडाला टाकी लावून खरखरीत करायला मी आजवर कुणाला बोलावलेलं नाही. गिरणीच्या वरच्या खोलीत मॅडम भाड्यानं राहायच्या. नोकरी एका प्रयोगशाळेत. सोमल, म्हणजे ते उंदराला घालायचं पांढरं विष, ते रक्तामांसात कुठल्या कुठल्या रूपात उतरतं हे मोजायचं त्यांचं काम. जन्मानं जैन, अंड्याला कधी हात लावला नाही, आणि दिवसभर कुणाची ना कुणाची काळजं चिरत बसायच्या. गिरणीच्या आवाजाचा त्रास होतो का म्हणून मी एकदा विचारलं, तर म्हणाल्या, "घर हलतंय तवर बरं वाटतंय, आप्पा. कोणतरी हाय असं वाटतंय." बायको गेल्यापासून मलाही तसंच वाटायचं. पण मी ते कुणाला बोललो नव्हतो.

शेजारी चौगुले अण्णांचं किराणा दुकान. तेही जैन. त्यांचा कुत्रा बंड्या दूधभाकरीवर वाढलेला. एका सकाळी तो दुकानाच्या पायरीवर मरून पडलेला दिसला. अण्णांनी जनावरांच्या डॉक्टरला बोलावलं, त्याच्या काळजाचा तुकडा तपासायला पाठवला. सोमल निघाला, असं उत्तर आलं. गिरणीत मी पूर्वी उंदरांसाठी सोमल ठेवायचो हे गल्लीला ठाऊक होतं. बंड्याच्या भुंकण्यावरून अण्णांशी माझी खडाजंगीही झालेली. अण्णांनी चार गिऱ्हाइकांच्या देखत मला विचारलं, "विष तूच घातलंस न्हवं?" मी "न्हाय" म्हणालो आणि वळलो. एक गोष्ट दोनदा सांगायची माझी रीत नाही.

तिथून गल्लीचं दळण दुसरीकडं जायला लागलं. ज्याच्या हाताला विष लागलंय त्याच्या हातचं पीठ कोण खाईल? मी सकाळी गिरणी उघडायचो, पट्टा पुसायचो आणि बाकावर बसून राहायचो.

मॅडमना आवाज बंद झालेला कळला. त्या डॉक्टरकडं गेल्या आणि बर्फात ठेवलेला उरलेला तुकडा मागून घेतला. मला म्हणाल्या, "आधीच्यांनी ॲसिडात सगळं उकळलं आणि एकत्र मोजलं. त्यात कोण कोण होतं ते कसं कळायचं? सोमल एका रूपाचा नसतोय, आप्पा. एक जीव घेतोय, एक नुसताच अंगातनं निघून जातोय." त्यांनी मांस गोठवून कुटलं, रूप मोडू नये म्हणून हलक्या हातानं त्याचं पाणी काढलं आणि एका बारीक नळीतून सोडलं. त्या नळीतून एकेक रूप आपापल्या वेळेला बाहेर पडतं म्हणे, मग यंत्र त्याला वेगळं मोजतं. मला समजलं ते एवढंच.

एका संध्याकाळी त्या खाली आल्या आणि माझ्याशेजारी बाकावर बसल्या.

"जीव घेणारा त्यात नावाला हाय. बाकीचा सगळा समुद्राच्या मासळीतला. मासळी खाणाऱ्याच्या अंगात तो सापडतोयच, काय करत न्हाय. म्हणून तर मी आधी जेवण विचारती. आता सांगा, दूधभाकरीच्या कुत्र्याला मासळी कोण घालत होतं?"

मी पट्टा पुसायचं फडकं खाली ठेवलं. मग म्हणालो, "मीच."

सुकट, बोंबलाची डोकी. एकट्याच्या ताटात उरतंच. बंड्या मागच्या दाराला येऊन बसायचा आणि माझं जेवण होईतो हलायचा नाही. माझ्याबरोबर जेवणारं तेवढंच होतं.

"मग सांगायचं की आप्पा."

"विष घातलं का, एवढंच विचारलं. काय घालतोस, असं कुणी विचारलंच न्हाय."

मी त्यांना म्हणालो, विषाचं सांगा, मासळीचं सांगू नका. अण्णांच्या घरात लसूणसुद्धा चालत नाही, त्यांना ते सोसायचं नाही. मॅडम म्हणाल्या, "मासळी गाळली तर माझं मोजणं खोटं पडतंय." आणि तशाच उठून दुकानात गेल्या. मी दारातून ऐकत होतो. अण्णांनी विचारलं, मग मेला कशानं? मॅडम म्हणाल्या, "ते मला ठाऊक न्हाय. सोमलानं न्हाय, एवढं ठाऊक हाय." ठाऊक नाही हे सांगताना त्यांची मान कधी खाली जायची नाही. मला त्यांचं हेच आवडायचं.

दळण परत आलं. अण्णा आले नाहीत. पुढं कधीतरी, दिवाळीच्या तोंडावर, ते स्वतः गव्हाचा डबा उचलून आले. दळून झालं तरी उठले नाहीत. गरम डबा मांडीवर घेऊन, माझ्याकडं न बघता म्हणाले, "बंड्या आवडीनं खायचा?"

"लई," मी म्हणालो.

मॅडम निवृत्त झाल्या आणि सांगलीला भावाकडं गेल्या. जाताना किल्ली हातात दिली आणि काल काय जेवलो ते विचारलं. गेल्या पावसाळ्यात भावाचा फोन आला, त्या गेल्या म्हणून. वरची खोली मी कुणाला दिलेली नाही. गिरणी सुरू केली की घर अजून हलतं, पण वर ते कुणाला जाणवत नाही.

आता दळणाला येणाऱ्याला मीच विचारतो, काल काय जेवला? लोक हसतात, म्हातारा चळला म्हणतात. पण सांगतात. उलट मला कुणी विचारत नाही. विचारलं, तर पहिल्या विचारण्यालाच सगळं सांगून टाकीन.